नाव, गाव, काम

कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे उभे राहिले की मान आपसूक वर जाते. पिंपळपानी कमान, दगडात कोरलेले मजले, आत छताला अजून टिकून असलेल्या लाकडी फासळ्या. या वैभवात दारापाशी ब्राह्मी लिपीत कोरलेल्या बारीक ओळींकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्यातली एक ओळ सांगते, की हे दार धेनुकाकट इथल्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान आहे. दुसरी सांगते, की दाराचे काम त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. तो वेणुवासाचा मुलगा. याच लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आणि त्याने दिलेल्या करजिक गावाची नोंद आहे, सिंहस्तंभ देणारा महारठी आहे, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. राजे, सरदार, सावकार यांची नावे दगडावर येणारच. मला दरवेळी थांबवतो तो सामी सुतार. त्याचे नाव, गाव, बापाचे नाव आणि त्याने काय केले, एवढेच तिथे आहे. विशेषण एकही नाही.

आठवण राखायची दुसरी रीत आपल्या गावागावांत दिसते ती वीरगळांची. देवळाच्या आवारात, पाराच्या कडेला, अर्धा जमिनीत रुतलेला आणि शेंदूर फासलेला उभा दगड. तळाच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गावच्या गायी सोडवताना झालेली. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरे वळवून नेणाऱ्यांच्या आडवा गेलेला तो कुणी शेतकरी असेल, गुराखी असेल. गावाने त्याला स्वर्ग दिला, चंद्र-सूर्य असेतो तुझी आठवण राहील असे वचन दिले. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. देवपण मिळाले आणि नाव गेले. पुढच्या पिढ्यांनी नारळ फोडले. तो कोण होता आणि त्या दिवशी त्याने नेमके काय केले, हे विचारायचे राहून गेले.

मावळाची कदर मोठ्या मनाची आहे, यात शंका नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ इंग्रजांचा कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. हा शत्रूचा अधिकारी. पण त्याची हिंमत मराठ्यांना अशी भावली, की ‘इष्टूर फाकडा’ म्हणून त्याचे नाव या मुलखात राहिले. त्याची समाधी वडगावला आहे. वैऱ्याच्या शौर्याला मान देणाऱ्या मुलखात मी राहतो, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याच मोहिमेत इंग्रजी फौजेला वडगावपर्यंत रेटत नेऊन तह करायला लावणाऱ्या मराठी सैन्यातल्या साध्या शिपायांची नावे मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

या तिन्ही रीती मनाशी धरून मी दरवर्षी २६ नोव्हेंबरकडे पाहतो. २००८ साली त्या रात्री मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे आमच्या लोणावळेकरांसाठी परके ठिकाण नाही. डेक्कन क्वीनने, इंद्रायणीने पोटापाण्यासाठी जाणारी आमची माणसे तिथेच उतरतात. त्या रात्री स्थानकात ५० हून अधिक जीव गेले. ती संख्या आणखी किती वाढली असती, याचा विचार केला की विष्णू झेंडे हे नाव घ्यावेच लागते.

झेंडे रेल्वेचे उद्घोषक. अमुक लोकल तमुक फलाटावर येत आहे, हे सांगणे त्यांचे रोजचे काम. उपनगरी फलाटांच्या वरच्या अंगाला काचेच्या कक्षात ते माइकपुढे बसले होते. आधी मोठा आवाज झाला, तो त्यांना बॉम्बस्फोटासारखा वाटला. मग दोन बंदूकधारी चालत येताना दिसले. तेव्हा त्यांनी माइक सोडला नाही. लोकलमधून उतरणाऱ्यांना मराठीत आणि हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की मुख्य भागाकडे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारा ओळखीचा आवाज. म्हणून लोकांनी तो ऐकला आणि फलाट रिकामे झाले. पुढे त्या कक्षाच्या दिशेने गोळ्या आल्या, काच फुटली. झेंडे वाचले. नंतर ते रेल्वेत गार्ड झाले.

तिथून थोड्याच अंतरावर कामा रुग्णालय. ते दोन बंदूकधारी, कसाब आणि अबू इस्माईल, स्थानकातून निघाले ते तिथे आले. प्रसूतिपूर्व कक्षात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या आणि त्यांच्या ताब्यात २० गरोदर बायका होत्या. खिडकीतून त्यांनी खालच्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या जाताना पाहिले. त्यांनी कक्षाची जड दारे लावली आणि सगळ्या बायकांना आतल्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवले. दिवे बंद. वर गच्चीकडे स्फोट, गोळीबार. भरल्या पोटाने जमिनीवर बसलेल्या वीस जणी, आणि त्यांच्यातल्या एकीला, जिचा रक्तदाब आधीच वाढलेला होता, कळा सुरू झाल्या. डॉक्टरांना कक्षापर्यंत येणे शक्य नव्हते. कुलथेंनी त्या बाईचा हात धरला आणि भिंतीला लागून, एकेक पाऊल टाकत तिला प्रसूतिगृहात नेऊन सोडले. मग त्या उरलेल्या एकोणीस जणींकडे परत आल्या.

हे परत येणे मला त्या रात्रीतले सर्वांत मोठे वाटते. प्रसूतिगृहात पोहोचल्यावर तिथेच थांबायला निमित्त होते आणि कुणी बोलही लावला नसता. पुढे त्यांनी तुरुंगात ओळखपरेडमध्ये कसाबला ओळखले, न्यायालयात साक्ष दिली, ती परिचारिकेच्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे दृक्‌श्राव्य माध्यमातून बोलल्या. त्याच रुग्णालयात बबन उघडे आणि भानू नारकर हे दोन पहारेकरी मारले गेले. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

अशा माणसांना आपण चटकन ‘देवदूत’ म्हणतो, ‘रणरागिणी’ म्हणतो. भावना खरी असते, पण अशा शब्दांनी माणूस आपल्यापासून लांब जातो आणि त्याच्या हातून झाले ते समजून घ्यायची गरज उरत नाही. झेंडे यांना वेगळे सामर्थ्य कुठून आले नव्हते. कुठला फलाट कुठे उघडतो आणि गर्दीशी किती शब्दांत बोलायचे, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या कामाने शिकवले होते. कुलथेंना आपल्या कक्षाचे प्रत्येक दार माहीत होते, कुठल्या बाईचे दिवस भरत आले हे माहीत होते. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात म्हटले आहे, की धैर्याची कृत्ये करता करताच माणूस धीट होतो. ते सवयीने अंगी बाणते. लोणावळ्यात हे पाहायला पुस्तक उघडावे लागत नाही. ‘शिवदुर्ग मित्र’ची मुले आपले नोकरी-धंदे सांभाळून, कुणी दरीत पडले, गडावर अडकले, धरणाच्या पाण्यात वाहून गेले की दोर घेऊन निघतात. त्यांचा सराव कुणी बघत नाही. बातमी होते ती दरीत उतरल्यावर. म्हणून मला वाटते, की संकटातल्या शौर्याचा सन्मान करताना त्या माणसाच्या रोजच्या कामाचाही सन्मान झाला पाहिजे. तिथेच त्याची मुळे असतात.

याचा अर्थ सरकारी सन्मान पोकळ आहेत, असा नाही. तुकाराम ओंबळे यांचे अशोकचक्र आपल्या साऱ्यांचे आहे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे हे सहायक फौजदार. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे तो जिवंत सापडला, खटला चालला, कट उलगडला. अखेर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यात येरवड्याला त्याला फाशी झाली. ओंबळे यांचा पुतळा चौपाटीवर आहे. ठाणे परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले. २६ जानेवारी २००९ रोजी या हल्ल्यासाठी जी सहा अशोकचक्रे जाहीर झाली, ती सहाही पोलिसांना आणि कमांडोंना, सहाही मरणोत्तर. प्रत्येक जण त्या मानाला पात्र होता. पण अशोकचक्र सामान्य नागरिकालाही देता येते; कराचीत विमान अपहरणात प्रवाशांना वाचवताना १९८६ साली मारली गेलेली नीरजा भनोट हिला ते मिळाले आहे. हातात माइक किंवा वॉर्डाच्या किल्ल्या घेऊन लढलेल्या आणि जिवंत राहिलेल्या माणसाला आपण कुठल्या रांगेत बसवतो, हा प्रश्न मला त्यामुळेच सतावतो.

जिवंत राहिलेल्यांचे देणे तर रोज फेडावे लागते. देविका रोटावन त्या रात्री स्थानकात पायाला गोळी लागून पडली तेव्हा ९ वर्षांची होती. कुबड्या घेऊन ती न्यायालयात गेली आणि तिने कसाबला ओळखले. देशाने तिचे कौतुक केले. पुढे घरासाठी तिला उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. टाळ्यांनंतर काय, याचे उत्तर त्या एका वाक्यात आहे आणि ते आपल्याला शोभणारे नाही.

लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स नावाच्या चित्रकाराने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव चालू असताना, वर्तमानपत्राला पत्र लिहून मागणी केली, की दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या साध्या माणसांचे स्मारक करा. १९०० साली पोस्टमन्स पार्क या छोट्या बागेत ते उभे राहिले. एका भिंतीवर चिनीमातीच्या फरश्या, प्रत्येकीवर नाव आणि काय केले ते. त्यात ॲलिस एअर्स आहे, गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी. जळत्या घरातून तीन मुलांना वाचवताना १८८५ साली गेली. राजघराण्याच्या उत्सवात एका चित्रकाराला मजुराची मुलगी आठवली, याचे मला फार मोल वाटते.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरणमध्ये २६ जण मारले गेले. त्यांत पुण्याचे, डोंबिवलीचे, पनवेलचे लोक होते. त्या २६ जणांत एकच स्थानिक होता, सय्यद आदिल हुसेन शाह, पर्यटकांना तट्टावरून फिरवणारा. हल्लेखोरांना अडवताना तो मारला गेला. लोणावळा-खंडाळ्याचे पोटही आल्यागेल्या पाहुण्यांवर चालते. इथल्या घोडेवाल्याला, टॅक्सीवाल्याला, चिक्कीच्या दुकानात उभ्या असलेल्या पोराला आदिलचे मरण लवकर कळावे. आपल्याकडे फिरायला आलेला माणूस सुखरूप परत जावा, एवढीच ती जबाबदारी. ती त्याने शेवटपर्यंत निभावली. त्याच्या घरच्यांना महाराष्ट्रातून मदत गेली, हे चांगले झाले.

माझे मागणे छोटे आहे. येत्या २६ नोव्हेंबरला मावळातल्या शाळांनी मेणबत्त्या जरूर लावाव्यात, पण त्याआधी फळ्यावर काही नावे लिहावीत. विष्णू झेंडे, उद्घोषक. अंजली कुलथे, परिचारिका. बबन उघडे, भानू नारकर, पहारेकरी. तुकाराम ओंबळे, केडंबे, सहायक फौजदार. आदिल शाह, तट्टूवाला. प्रत्येकापुढे एका ओळीत त्याने काय केले ते मुलांकडून लिहवून घ्यावे. आणि लोणावळा नगरपरिषदेने स्टेशनजवळ एखादी भिंत यासाठी राखावी, जिथे गाडीची वाट पाहणारा माणूस उभ्या उभ्या ते वाचू शकेल.