तफावत आणि तिचा निवाडा

एकाच कणगीतून काढलेल्या जोंधळ्याच्या दोन पशांची वजने तंतोतंत जुळत नाहीत, हे ठाऊक असूनही, दोन समूहांच्या सरासरींत अंतर दिसले की ते त्या समूहांच्या मूळ प्रकृतीतलेच असले पाहिजे, असे मानण्याची आपल्या बुद्धीला विलक्षण घाई असते. संख्याशास्त्राची कसोटी ही घाई रोखून धरते. दोन्ही समष्टींच्या सरासरी समानच आहेत, असे प्रथम गृहीत धरावयाचे, केवळ यदृच्छेने नमुन्या-नमुन्यांत किती चढउतार संभवतो याचा हिशेब करावयाचा, आणि हाती आलेली तफावत त्या चढउताराच्या कितीपट आहे हे पाहूनच ते गृहीतक टाकावयाचे की राखावयाचे याचा निर्णय करावयाचा. गृहीतक राखले म्हणून समानता सिद्ध होत नाही. ते टाकण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नमुना लहान असता हा हिशेब कसा करावा, याची वाट विल्यम सीली गॉसेट या इंग्रज गृहस्थाने १९०८ साली दाखविली. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात तो नोकरीस होता, आणि आपले लेखन ‘स्टूडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध करीत असे. मला मात्र त्याच्या त्या सूत्राहूनही त्याने १९३१ साली केलेली एक चिकित्सा अधिक मोलाची वाटते.

आदल्या वर्षी स्कॉटलंडच्या लॅनर्कशायर परगण्यात, शाळेत रोज दूध दिल्याने मुलांची वाढ होते काय, हे पाहण्याकरिता सुमारे २०,००० मुलांवर चार महिने प्रयोग झाला. निम्म्यांना दररोज पाऊण पाइंट दूध मिळाले, निम्म्यांना मिळाले नाही. वाटणी चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या वर्णक्रमाने व्हावयाची होती. परंतु एखाद्या गटात धष्टपुष्ट वा रोडकी मुले प्रमाणाबाहेर आली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. परिणाम असा की, दूध न मिळालेली मुले आरंभीच वजनाने सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीने चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. समोर बसलेल्या उपाशी पोरास दूध मिळावे, असे शिक्षकाच्या मनात नकळत आले असावे, हा स्टूडंटचा तर्क. त्या शिक्षकांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. पण तुलना बिघडली ती बिघडलीच. शिवाय वजने कपड्यांसकट घेतलेली! फेब्रुवारीत जाड लोकरी कपडे घालणारे सुखवस्तू घरचे मूल जूनमध्ये हलक्या कपड्यांत आले की त्याच्या वजनातून काही भाग आपोआप वजा होई. ज्याच्या अंगावर दोन्ही ऋतूंत तेच विरलेले कपडे, त्या गरिबाच्या मुलाचे असे काहीच वजा होत नसे, आणि ती तफावतही दुधाच्या खाती जमा होई.

नमुन्याची संख्या वाढविल्याने यदृच्छेचा चढउतार घटतो, वाटणीतला पक्षपात मात्र तिळमात्र घटत नाही. उलट कसोटी त्याच पक्षपातावर सार्थकतेची मोहोर उमटवून मोकळी होते, कारण हे अंतर योगायोगाचे आहे काय एवढेच तिला विचारलेले असते, ते कोठून आले हे नव्हे.

स्टूडंटने उपायही सुचविला होता. एकरूप जुळ्यांच्या अवघ्या ५० जोड्या घ्याव्यात, प्रत्येक जोडीतील दूध कोणास हे नाणे उडवून ठरवावे, आणि मग मोजावे. त्या २०,००० मुलांपेक्षा या १०० मुलांकडून अधिक विश्वसनीय उत्तर मिळेल, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे.