पारख कुणाची?

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. कुऱ्हाड, विळा, तराजू, शिवणयंत्र, मुलांची पाटी-पुस्तके. आणि ज्याच्या दारी ट्रक असेल त्याच्या ट्रकचीसुद्धा. समोरच्या काचेवर झेंडूचे भलेमोठे तोरण सोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. या सोहळ्यात त्या काचेकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. तिच्याकडे आपण बघत नाही, तिच्यातून बघतो. ती नीट बसवणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. काम चांगले झाले तर त्याची आठवण राहत नाही आणि वाईट झाले तर तो सापडत नाही.

ट्रकच्या काचेवर दिवाळीच्या अंकात काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण या काचेने गेली दोन वर्षे मला एका प्रश्नात गुंतवून ठेवले आहे, आणि त्या प्रश्नाला माझा एक अपराधही चिकटलेला आहे. तो आधी सांगून टाकतो.

अहमदपूरच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्याकडे १९९७ सालचा सहाचाकी टाटा ट्रक आहे; वडिलांनी घेतलेला. सोयाबीन आणि तूर लातूरच्या बाजारात पोचवायची आणि परतताना खत, सिमेंट, मिळेल ते आणायचे, यावर दोन घरे चालतात. एक त्याचे आणि दुसरे त्याच्या ड्रायव्हरचे. ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासूनचा. सगळे त्याला मामा म्हणतात. जुन्या ट्रकांच्या केबिनी पुष्कळदा गावोगावचे कारागीर बांधीत. या ट्रकचीही तशीच बांधलेली आहे. समोर एक अखंड वाकलेली काच नाही. मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना दोन सपाट काचा.

त्यातली मामाच्या बाजूची काच कोपऱ्यातून तडकली. बदलली. महिन्याभरात नवीही त्याच कोपऱ्यातून तडकली. ऐन सोयाबीनचे दिवस होते. विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, कुणी चांगला माणूस आहे का ओळखीचा?"

मी लगेच एकाचे नाव सांगितले. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. माणूस गोड बोलणारा, आला की वाकून नमस्कार करणारा. आमच्या घरच्या खिडकीचे तावदान त्याने छान बसवले होते. एवढ्या पुराव्यावर मी त्याची शिफारस केली. त्याने त्याच दिवशी, थोडक्या पैशांत, ट्रकची काच बसवून दिली. आम्ही दोघेही खूश झालो.

आठ दिवसांनी लोह्याजवळ पुढच्या टिपरच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि ती काच मामाच्या तोंडावर आली. काच ट्रकची नव्हतीच. ते खिडकीचेच साधे तावदान होते, मापात कापलेले. त्याचे लांब, धारदार तुकडे झाले. मामाने तशा स्थितीतही ट्रक कडेला घेऊन उभा केला. भुवईवर सात टाके पडले. डोळा वाचला.

मी भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना. मामाच मला धीर देत म्हणाला, "गुरुजी, तुमची काय चूक? तुम्हाला काचेतलं काय कळतंय?"

सांत्वनाचे शब्द होते ते. पण ते मला लागले. काचेतले मला काही कळत नव्हते हे खरे. मग चांगला माणूस कोणता, हे मी कोणत्या आधारावर सांगितले?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'चार्मिडीस' या संवादात सॉक्रेटिस तो विचारतो. ज्याला वैद्यक येत नाही त्याला खरा वैद्य आणि भोंदू वैद्य यांतला फरक ओळखता येईल का? फरक ओळखायला स्वतः वैद्य असावे लागते. आणि स्वतः वैद्य असलेल्याला दुसऱ्या वैद्याची तेवढी गरज उरत नाही! आपल्याच काळात, १९७० साली, जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच पेच बाजारात मांडून दाखवला. गिऱ्हाइकाला चांगल्या-वाईटातला फरक कळत नसेल, तर ते चांगल्यालाही वाईटाचाच भाव देते. मग हळूहळू चांगला माल त्या बाजारातून उठून जातो. पुढे २००१ साली त्यांना या विषयातल्या कामाबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या ट्रकच्या काचेने हाच धडा आम्हाला सात टाक्यांत शिकवला.

सरकारी कागद इथे उपयोगी पडेल असे वाटते, पण तो अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी गाडीला सुरक्षा-काच असावी, समोरच्या काचेतून निदान सत्तर टक्के उजेड आत यावा, असे सांगून ठेवले आहे. एवढ्या जुन्या ट्रकला दरवर्षी योग्यतेचा दाखलाही घ्यावा लागतो. पण तो दाखला ट्रकचा असतो. काच बसवणाऱ्या हाताचा नसतो.

त्यानंतर माझा विद्यार्थी माणूस शोधू लागला. अहमदपूरहून लातूर एका अंगाला, नांदेड दुसऱ्या अंगाला. दोन्ही जवळजवळ सारख्याच अंतरावर. लातुरात त्याने चौकशी केली. नव्या गाड्यांच्या काचा बसवणारी झगझगीत दुकाने होती. पण नव्या गाड्यांची काच चौकटीला डिंकासारख्या लुकणाने चिकटवतात, आणि जुन्या ट्रकची रबराच्या पट्टीत बसवून पत्र्यावर चढवतात. दोन्ही विद्या वेगळ्या. "असली गाडी आता आमच्याकडं येत नाही," असे त्याला सांगण्यात आले. शेवटी एका ट्रकवाल्याने नांदेडचा पत्ता दिला. देगलूर नाक्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्री बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. या वेळी मीही बरोबर गेलो. अपराधी माणसाला घरी बसवत नाही.

चाचांनी आधी काचेबद्दल काही विचारलेच नाही. "तडा कुठून जातो?" एवढेच विचारले.

"उजव्या खालच्या कोपऱ्यातून."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी चौकटीतले जुने रबर ओढून काढले आणि माझे बोट धरून पत्र्याच्या कडेवरून फिरवले. कोपऱ्यात गंजाची एक गाठ बोटाला लागली; ज्वारीच्या दाण्याएवढी. "एवढा दाणा पुरतो," ते म्हणाले. "काच सगळीकडं रबरावर बसली पायजे. एका जागी लोखंडाला टेकली, की रस्त्याचा हिसका तिथंच बसतो."

मग त्यांनी एक सुतळी घेतली. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती ताणली, चिमटीत खूण धरली, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावून पाहिली. अंगठाभर फरक पडला. चौकट वाकडी होती. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचा असा उपयोग करताना मी पहिल्यांदाच कुणाला पाहिले.

"काच आज बसवत नाही," चाचा म्हणाले. "आधी चौकट सरळ करून आणा, गंज खरवडा, रंग द्या, वाळू द्या. दोन दिवस लागतेत."

माझा विद्यार्थी उसळला. "दोन दिवस ट्रक उभा ठेवू? बाकीचे दोन तासांत बसवून देतेत!"

"मग त्यांच्याकडं जा, बाबा. त्यांनीच बसवली होती ना?"

तो खरोखरच परत फिरला होता. मी त्याचा दंड धरला. मामाच्या भुवईवरची पट्टी डोळ्यांसमोर नसती, तर मीही त्याच्या मागोमाग चालू लागलो असतो.

त्या क्षणी मला गोरोबाकाकांची कथा आठवली. संतमंडळी जमली असता कोणते मडके कच्चे, कोणते पक्के, हे पाहायला गोरोबाकाका कुंभाराचे थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारीत गेले. बाकीचे शांत बसले. नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनी सांगितले, हे मडके कच्चे. तोच नामदेव पुढे इथून जवळच्या औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेला, अशी परंपरा आहे. मला वाटले, चाचांचा नकार हे थापटणेच होते. आम्ही मिस्त्रीची पारख करायला निघालो होतो. पारख चालली होती आमची.

यावर कुणी म्हणेल की नकार देणारा प्रत्येकजण प्रामाणिक असतो असे थोडेच आहे? गिऱ्हाइकाला घाबरवून चार कामे जास्त काढणारेही असतात. शंका रास्त आहे. पण मला एक भेद दिसतो. घाबरवणारा माणूस आपले ज्ञान मुठीत ठेवतो. चाचांनी माझे बोट धरून गंजावर ठेवले आणि सुतळी माझ्या डोळ्यांदेखत ताणली. खरा जाणता आपल्याला थोडे का होईना, जाणते करून सोडतो. सॉक्रेटिसच्या पेचाचे पूर्ण उत्तर हे नव्हे. पण त्याची गाठ यामुळे थोडी सैल होते.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. या खेपेला मामाही होता. चाचांनी काचेची कड आम्हाला दाखवली: काचेचे दोन पापुद्रे आणि मध्ये पारदर्शक पटल. एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच गृहस्थाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेत एक कुपी पडली, तिच्या आत सुकलेल्या द्रवाचा पापुद्रा असल्यामुळे ती फुटूनही विखुरली नाही, आणि त्यावरून अशा काचेची कल्पना निघाली, असे सांगतात. ही काच तडकते, पण तुकडे पटलाला धरून राहतात. चाचांनी काचेभोवती रबर चढवले, रबराच्या खाचेत सुतळी घातली, साबणाचे पाणी फिरवले आणि काच बाहेरून चौकटीला लावली. बाहेरून त्यांचा पोरसवदा पुतण्या तळहाताने दाबत होता. आतून चाचा सुतळी बोटाबोटाने ओढत होते, आणि सुतळीमागोमाग रबराचा ओठ पत्र्यावर चढत होता. अर्ध्या तासात काम संपले. काचेचे आणि बसवणावळीचे पैसे त्यांनी घेतले. चौकट तपासण्याचे किती, असे विचारले तेव्हा ते हसले. "बघण्याचे पैसे कुणी देतं का, गुरुजी?"

मामा बाजूला उभा राहून नव्या काचेचा कोपरा निरखीत होता. तिथे कारखान्याचा बारीक छाप होता. तो सहज म्हणाला, "मागच्या काचेला हा नव्हता. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

मी चमकलो. "मग मामा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्या काचेबद्दल आम्ही तीनदा निर्णय घेतला होता. मालकाने गुरुजीला विचारले, गुरुजीने गोड बोलणाऱ्या पालकाचे नाव सांगितले. ज्याचा चेहरा रोज त्या काचेमागे असतो, ज्याने अर्धे आयुष्य तिच्यातून रस्ता पाहिला, त्याला विचारण्याचे आम्हा दोघांच्याही मनात आले नाही. जाणता माणूस कसा ओळखावा, हा प्रश्न मी सॉक्रेटिसपर्यंत नेला. आणि जाणता तर आमच्याच ट्रकमध्ये बसला होता. तो पगारी होता आणि आम्ही त्याला जाणता समजत नव्हतो, इतकेच. संतांची गोष्ट पुन्हा आठवली. पारख करायचे काम त्या सभेने एका कुंभाराच्या हाती दिले होते. मडक्यातले ज्याला कळते त्यालाच त्यांनी विचारले. आम्ही मात्र आपल्या पायरीच्या माणसांतच जाणता शोधत राहिलो.

अज्ञान हा गुन्हा नव्हे. सगळ्यांना सगळे कळणे शक्यच नसते. परंतु दुसऱ्याच्या जिवावरचा निर्णय त्याला न विचारता घेणे, आणि मग मला कळत नव्हते असे म्हणून सुटून जाणे, हा मात्र गुन्हा आहे. माझा अपराध चुकीचे नाव सांगितले हा नव्हता. मामाला विचारले नाही, हा होता.

काच अजून शाबूत आहे. माझा विद्यार्थी आता ट्रकच्या कुठल्याही कामाआधी मामाला विचारतो. यंदा दसऱ्याला मी त्यांच्या दारी गेलो होतो. पोरांनी हौसेने झेंडूचे तोरण काचेवर आडवे बांधले होते. मामाने पायरीवर चढून ते सोडले आणि वर, टपाच्या कडेला बांधले.

"फुलं वर राहू द्या," तो पोरांना म्हणाला. "रस्ता दिसला पायजे."