नाईट शिफ्टमधली शांती

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रविवार सगळ्यांना एकाच दिवशी येत नाही. केमिकल कंपनीत बॅच एकदा लागली की ती उपासनेची वेळ बघून थांबत नाही. फर्स्ट, सेकंड, नाईट असं चक्र फिरत राहतं आणि साप्ताहिक सुट्टी कुणाला मंगळवारी मिळते, कुणाला शुक्रवारी. नाईट करून आलेला माणूस दिवसा झोपायला बघतो तर घरात कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेर महामार्गावरचे ट्रक. ‘आठवड्यातला एक दिवस देवाला द्या, मन शांत होईल’ हा उपदेश त्याला करायचा तरी कसा? आणि हा माणूस ख्रिस्ती असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण त्याच्या धर्माची आठवड्याची घडीच रविवारभोवती बसलेली आहे.

गंमत म्हणजे आपल्याला पळवणारं हे वेळापत्रक मुळात प्रार्थनेच्या घरातलं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यात दिवसाचे आणि रात्रीचे प्रहर प्रार्थनेला आणि श्रमाला वाटून दिले. घंटा झाली की हातातलं टाकून उठायचं. युरोपाला घड्याळी शिस्त लागली ती या मठांतून, असं लुईस ममफर्ड या अभ्यासकाने १९३४ मध्ये मांडलं. म्हणजे कंपनीचा भोंगा हा त्या घंटेचाच लांबचा वंशज. फरक एवढाच की घंटा काम थांबवायलाही सांगत असे.

हे झालं वेळेचं; आता शांतीच्या शोधाकडे वळू. कोकणात प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते शाळा काढत. १८२३ च्या सुमारास स्कॉटिश मिशनचं काम बाणकोटला सुरू झालं, पुढे हर्णैला पोचलं. लोट्यापासून हा किनारा फार लांब नाही. त्या काळातल्या मराठी ख्रिस्ती लेखनात शांतीचा शोध म्हणजे बहुधा शंकांचा निकाल. खरा धर्म कोणता, पापाची क्षमा कशाने, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य: वाद घालायचा, ग्रंथ ताडून बघायचे, प्रश्न सुटला की मन निवणार. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचताना ही वकिली तळमळ पानोपानी जाणवते. तिची थट्टा करू नये. घरदार सुटण्याची जोखीम पत्करून विचार करणारी ती माणसं होती. पण वादात जिंकलेली शांती पुढच्या वादापर्यंतच टिकते, हेही तितकंच खरं.

हा हिशेब मोडला पंडिता रमाबाईंनी. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या बाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो बुद्धीला पटलं म्हणून. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅसलम या धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. धर्मोपदेशक असूनही आपण आतून कोरडे होतो, अशी त्याची कबुली वाचून त्यांना आपलंच दुखणं कळलं. आता तारखा बघा. १८८९ मध्ये विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालेलं, पैशांची ओढाताण, पुण्यात टीकेचा भडिमार. १८९३ मध्ये तर धर्मांतराच्या आरोपावरून पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंना शांती गवसली ती या धबडग्यात, आणि गवसल्यावर काम कमी झालं नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, शिवाय बायबलचं मराठी भाषांतर. एवढा पसारा बघून कुणी ‘मनःशांतीसाठी कामं कमी करा’ असं म्हणालं असतं, तर त्या हसल्या असत्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानात थकल्याभागल्यांना येशूने बोलावलं आहे, ते वचन ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेलं असतं. पण पुढे तो काय देऊ करतो ते बघा. पलंग नाही, सुट्टी नाही, जू देतो. नांगर धरलेल्याला ठाऊक असतं की जुवाला दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी लागतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी जुवातली ही शांती आपल्या मातीत रुजवली. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकारामांच्या वाटेने, असं ते सांगत. मला याचं महत्त्व मोठं वाटतं. कारण काम न सोडता शांती कशी मिळवायची, या प्रश्नाचं उत्तर वारकऱ्यांकडे आधीच तयार होतं. जनाबाईचं जातं थांबत नाही, सावता माळी मळा सोडत नाही. देवच तिथे येतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात भांड्यांच्या खडखडाटात असंच काही शिकला आणि त्याचं युरोपभर नवल झालं. पंढरपूरच्या वाटेवर त्याचं फारसं नवल वाटलं नसतं.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तभक्तांची बिरादरी मांडली. तीत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने. टिळक गेल्यावर अपुरं राहिलेलं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले, संसार सांभाळून. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातलं त्यांचं हसणं हा मला शांतीचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा वाटतो.

तरी एक शंका उरते. मन शांत झालेला कामगार मालकाला सोयीचाच. कंत्राटी माणसाने प्रार्थना करावी आणि ओव्हरटाइमबद्दल बोलू नये. दाभोळ खाडीतल्या मच्छीमाराने गलीलच्या वादळात होडीत झोपलेला येशू आठवावा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने मेलेल्या माशांची तक्रार करू नये. अशी शांती म्हणजे गुंगीचं औषध. रमाबाईंची तशी नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे हाल झाले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून थेट गव्हर्नरच्या कारभारावर बोट ठेवलं.

लोट्यात माझ्या ओळखीचे एक ख्रिस्ती ऑपरेटर आहेत. ठरावीक वेळाने रिॲक्टरचं टेम्परेचर आणि प्रेशर बघायचं, लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं काम. प्रत्येक रीडिंगला ते मनात एक छोटी प्रार्थना म्हणतात, काटा बघेपर्यंत संपेल एवढीच. रविवारची उपासना बुडते, ती अशी तुकड्यातुकड्यांनी भरून काढतो, म्हणतात. त्याने झोप कमी येते का, असं मी विचारलं. झोप येतेच, ते म्हणाले; पण पहाटे तीननंतर काटा न बघता मागच्या रीडिंगवरून पुढचं भरायची जी सवय सगळ्यांना असते, ती सुटली. देवाचं नाव घेऊन खोटा आकडा लिहिता येईना. त्यावरून रिलीव्हरशी वाजलं, सुपरवायझरशीही वाजलं, कारण खरा आकडा चढा असला की बॅच थांबवावी लागते.