कोणाच्या वाट्याचे पाणी?



शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या चर्चमधील बाके रिकामी दिसू लागतात. कोणी गावी जातो, कोणी वेलांकनीला, कोणी मुलांना मामाकडे सोडायला. अलीकडे आणखी एक पद्धत आली आहे. शनिवार-रविवार जोडून तंबू घ्यायचा, डोंगरात एक-दोन रात्री काढायच्या आणि घरचा कुत्राही बरोबर न्यायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हीही गेलो. तेथे दुपारी जेमतेम तासाभरात जे घडले त्यावरून आम्हा उभयतांत आजही वाद होतो, म्हणून ते येथे मांडत आहोत.

प्रश्न असा आहे. जवळ एकच जार पाणी आहे. एका बाजूला तहानलेला कुत्रा, दुसऱ्या बाजूला तहानलेले माणूस. पाणी कोणाचे? माणसाचे, असे आपण लगेच म्हणू. आम्हीही तसेच म्हणालो असतो. पण त्या दिवशी आमचे हात मात्र कुत्र्यावर पाणी ओतत होते.

आमच्या कुत्र्याचे नाव ब्रूनो. हे एका संताचे नाव आहे, हे आम्हाला फादरांनी सांगितले तेव्हा आम्ही ओशाळलो. संत ब्रूनो यांनी १०८४ साली फ्रान्समधील डोंगरात कार्थुशियन मठाची सुरुवात केली. ते एकांतप्रिय होते. आमचा ब्रूनो पाच मिनिटेही एकटा राहात नाही. शेजारी लग्नाला गेलेले, मुले हट्टाला पेटलेली, म्हणून त्याला गाडीत घातले आणि शुक्रवारी दुपारनंतर नांदेड सोडले. भोकर, हिमायतनगर, किनवट करीत अंधार पडता पडता माहूरच्या पुढे पोहोचलो. रविवारच्या मिस्सेला परत यायचे ठरले होते.

जंगलाच्या राखीव हद्दीत कुत्रा नेत नाहीत आणि ते योग्यच आहे. पाळीव कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग रानातल्या प्राण्यांना होतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात या रोगाने सुमारे एक हजार सिंह मेले होते. त्यामुळे आम्ही ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळावर, त्याला विचारून तंबू ठोकला. रात्र फार छान गेली. नांदेडच्या गच्चीवर दिसत नाहीत इतके तारे दिसले. मुलांनी जपमाळेची प्रार्थना न सांगता म्हटली, हे विशेष.

शनिवारी दहा वाजल्यापासूनच ऊन तापले. त्या माळावर सागाची झाडे आहेत, पण मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. सावली म्हणून जी असते ती नुसत्या काटक्यांची. मुलांना टेकडीच्या माथ्यावर जायचे होते. आम्ही हाक मारली आणि ब्रूनो शेपटी हलवीत मागे आला. तो लॅब्रडॉर जातीचा आहे. ही जात मूळची कॅनडाच्या किनाऱ्यावरील थंड समुद्राची. कोळ्यांबरोबर गार पाण्यात काम करण्यासाठी अंगावर दाट केसांचे दोन थर असलेली. आपल्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. अंगाने सडपातळ, केस आखूड, आपल्या उन्हाला सरावलेली जात. पण आम्हाला टीव्हीवरच्या जाहिरातीतला कुत्रा हवा होता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेवढाच त्याचा उतारा. कुत्र्याच्या अंगाचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते ४१ च्या वर गेले की जिवाशी गाठ पडते. हे सर्व आम्हाला नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी समजावले. त्या वेळी एवढेच दिसले की उतरताना ब्रूनो खाली बसला तो उठेना. तोंडातून चिकट लाळ गळत होती. खडकावर पंजे भाजले होते. त्याला उचलून तंबूच्या सावलीत आणले. दोन जारपैकी एक रात्रीच संपला होता, तोही बराचसा भांडी धुण्यात. उरलेल्या जारमधून ओले टॉवेल करून त्याच्या पोटाला, पंजांना लावू लागलो. मुले रडत होती.

तेवढ्यात खालच्या पायवाटेने एक बाई आली. डोक्यावर तेंदूपानांचे ओझे, मागे दोन लहान मुले. पहाटे उठून पाने तोडायची आणि ऊन चढण्याच्या आत घर गाठायचे, असा तिकडचा क्रम आहे. तिला त्या दिवशी उशीर झाला असावा. तिने ओझे उतरवले आणि विचारले, "ताई, पोरांले घोटभर पाणी हाय का?"

आम्ही जारकडे पाहिले. मग एकमेकांकडे पाहिले. मग एक पेला भरून दिला. एक पेला, तिघांत. तोंडाने म्हणालो, "थोडंच राहिलंय हो." आणि तिच्या डोळ्यांदेखत पुढचा तांब्या कुत्र्याच्या पोटावर ओतला.

ती रागावली नाही. मुलांना पाजून झाल्यावर जवळ आली, ब्रूनोला वाकून पाहिले आणि म्हणाली, "त्याले ऊन लागलं. नाल्यात न्या. चला, मी दावते." ओझे तेथेच ठेवून ती आमच्यापुढे चालू लागली. नाला कोरडा होता, पण एका वळणावर वाळूत खणलेला झिरा होता. झिऱ्यात पाणी झिरपते तसे वाटीवाटीने उपसायचे. तिच्या वस्तीचे ते पिण्याचे पाणी. झिऱ्याच्या खालच्या अंगाला वाळू ओली होती. तेथे तिने हाताने खळगा केला, झिऱ्यातून पाणी काढून त्यात टाकले आणि ब्रूनोला त्यात निजवायला सांगितले. अर्ध्या तासाने त्याने मान उचलली. आम्ही त्याच संध्याकाळी नांदेडला परतलो.

आता वाद काय आहे ते सांगतो. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की कुत्रा मरणाच्या दारात होता, मुलांना नुसती तहान लागली होती. ज्याची गरज मोठी त्याला आधी. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा हिशेब आपण नंतर घरी बसून केला. त्या क्षणी आपण गरज मोजलीच नव्हती. ब्रूनो आपला होता आणि ती मुले परकी होती, एवढेच.

याबाबत आपली श्रद्धा काय सांगते? १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात प्राण्यांविषयी थोडे परिच्छेद आहेत. परिच्छेद २४१८ मध्ये सांगितले आहे की प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या मोठेपणाला शोभत नाही. त्याचबरोबर माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. प्राण्यांवर माया करावी, पण जे प्रेम माणसाच्या हक्काचे ते प्राण्याला देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जपणुकीवर परिपत्रक काढले आणि त्याच पोपमहोदयांनी जानेवारी २०२२ मध्ये, मुले होऊ देण्याऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना बोलही लावले. तेव्हा पुष्कळ लोक दुखावले गेले. आम्हाला त्यांच्या त्या बोलण्याचा थोडा राग आला होता, हे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावीशी वाटते. "कुत्र्यावर एवढा खर्च करता, गरिबाला द्या की," असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यातले किती जण स्वतः गरिबाला देतात? योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीच्या मरियेने प्रभूच्या पायांना महागडे सुगंधी तेल लावले, तेव्हा हे तेल विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा इस्कर्योत होता. त्याला गरिबांची पर्वा नव्हती, असे योहान लगेच सांगतो. त्यामुळे त्या दिवशी कुत्र्याला पाणी दिले हेच पाप, असे आम्ही मानत नाही. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत आहेच. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी देव निनवे नगरीची कीव का येते ते सांगतो, तेव्हा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांबरोबर तेथल्या गुराढोरांचाही उल्लेख करतो.

मग चूक कोठे झाली? लातूरच्या आमच्या आत्यामुळे हे आम्हाला थोडेफार कळले. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावे लागले होते. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून पिण्याचे पाणी रुळांवरून आणावे लागावे, अशी वेळ होती. त्या दिवसांत आत्या रोज दुपारी दाराबाहेर एक मातीचे पसरट भांडे भरून ठेवी, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी आणि चिमण्यांसाठी. घरात यावरून कुरबुर झाली. तेव्हा तिने घरच्यांना सांगितले की ती दुपारचा चहा घेत नाही आणि तेच पाणी बाहेर ठेवते. कोणाच्या पेल्यातून तिने काही काढले नव्हते.

माहूरच्या माळावर आम्ही काय केले? आमच्या चौघांच्या बाटल्या भरलेल्या होत्या. त्या पिशवीत होत्या आणि त्या बाईला दिसल्या नाहीत. म्हणजे ब्रूनोला पाणी दिले ते आमच्या वाट्यातले नव्हेच, तिच्या मुलांना मिळू शकले असते त्यातले दिले. आणि तिने आमच्या कुत्र्याला दिले ते आपल्या वस्तीच्या झिऱ्यातले.

कनानी स्त्रीची गोष्ट आपण मिस्सेत ऐकतो. मुलांची भाकर कुत्र्यांना टाकू नये, असे प्रभू तिला म्हणतो आणि मेजाखाली पडलेल्या चुऱ्यावर कुत्रीही जगतात, असे ती उत्तर देते. तिच्या विश्वासाची प्रभू स्तुती करतो. आम्ही मात्र कुत्र्याला मेजावर बसवले आणि मुलांना चुरा दिला. हे शुभवर्तमान आता कानावर आले की आम्ही मान खाली घालतो.

आणि त्याहून आधीची एक चूक आहे. ब्रूनोला डोंगर पाहायचा नव्हता. त्याला तारे, माथा, सुट्टी यांतले काही कळत नाही. आम्ही हाक मारली म्हणून तो आला. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली, हे आपण लहानपणी शिकतो. ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्यावरची सत्ता ही किती अवघड गोष्ट आहे, हे शिकत नाही. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया मेदिया देशी निघतो तेव्हा त्याच्याबरोबर राफाएल देवदूत असतो आणि एक कुत्रा असतो. जाताना त्याचा उल्लेख आहे आणि येतानाही आहे. त्याला काही काम नाही, त्याच्यावरून काही शिकवणही दिलेली नाही. तो बरोबर गेला आणि बरोबर परत आला, एवढेच लिहिले आहे. पूर्वी ही ओळ आम्हाला बिनकामाची वाटे. आता असे वाटते की परत आला हेही कोणीतरी लिहून ठेवावे असे आहे.

दुष्काळात आपल्या मराठवाड्यात जनावरांसह मुक्काम ठोकणारे वेगळेच लोक असतात. २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली बीड, धाराशिव भागात चारा छावण्या होत्या. बांबूवर साड्या आणि ताडपत्र्या टाकून शेतकरी बैलांशेजारीच राहात. घरातला एक जण तरी तेथे पथारी टाकून असे, तो बहुतेक म्हातारा आजोबा. तेथे 'माणूस आधी की जनावर आधी' असा वाद कोणी घालत नव्हते, कारण बैल गेला तर पेरणी गेली. शहरात आपल्याला हा वाद घालायला सवड असते. आमच्यापैकी एकाला हे वाक्य पटलेले नाही. तेही नोंदवून ठेवतो.

या मे महिन्यात मुलांनी पुन्हा विषय काढला. ठरले ते असे की ब्रूनो घरी राहील आणि त्याच्याजवळ आम्हा दोघांपैकी एक जण राहील. दुसरा मुलांना घेऊन जाईल. माहूरकडेच जायचे, पण पाण्याचे जार जास्तीचे न्यायचे आणि त्या वस्तीवर आधी जायचे. ती बाई भेटेल की नाही, सांगता येत नाही. आम्ही तिचे नावसुद्धा विचारले नव्हते. तिने मात्र कुत्र्याचे विचारले होते.

नाल्यातून परतताना तिने आणखी एक गोष्ट विचारली होती. "हा खाते काय?" आम्ही गाडीतली खाद्याची पिशवी दाखवली. "कितीले भेटते?" आम्ही खऱ्या किमतीच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला. तरी तिने मुलांकडे वळून तो आकडा पुन्हा एकदा मोठ्याने म्हटला.