जपणे आणि धरून ठेवणे



वाचकहो, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी तुम्ही वापरत नाही, पण कुणाला देववतही नाही? माझ्याकडे अशा वस्तू होत्या, आणि त्या लहानसहान नव्हत्या. कपडे धुण्याची जुनी यंत्रे होती.

मी ओहायोत राहतो. दिवसभर संगणकासमोर काम. काही वर्षांपूर्वी एका शेतघराच्या लिलावात मेटॅगचे जुने रिंगर वॉशर पाहिले आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार पायांवर एक गोल टाकी, तळाशी मागे-पुढे हलणारे पाते आणि वर एकमेकांना चिकटून फिरणारे दोन रबरी रूळ. धुतलेला कपडा रुळांतून सरकवला की पिळलेले पाणी टाकीत परत पडते आणि कपडा पलीकडे खळबळायच्या टबात जातो. एकाच गरम साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी कामाचे मळके कपडे धुता येतात.

आयोवा राज्यातल्या न्यूटन गावात 1893 साली शेतीची अवजारे बनवण्यासाठी निघालेल्या या कंपनीने 1907 साली पहिले धुलाईयंत्र काढले. तळाशी पाते असलेली रचना 1922 ची. वीज न पोहोचलेल्या शेतघरांसाठी पेट्रोल इंजिनवर चालणारी यंत्रेही होती. कंपनीचे शेवटचे रिंगर यंत्र 1983 साली तयार झाले. आमच्या ओहायोतली अनेक आमिश कुटुंबे बाहेरची वीज घेत नाहीत. त्यांच्याकडे अशी यंत्रे आजही रोजच्या वापरात आहेत.

माझ्याकडे एकाची पाच झाली. एक मी दर शनिवारी वापरायचो, बाकीची गॅरेजमध्ये चादरीखाली. मी स्वतःला सांगायचो की यांना मी भंगारातून वाचवले आहे. शिवाय हे साधे जगणे आहे, आणि सजगतेचा सरावही आहे. तो सराव खोटा नव्हता. रुळांजवळ लक्ष विचलित झाले तर बोटे आत ओढली जातात, म्हणून तर वर दाब सोडण्याची पट्टी असते. एके काळी अमेरिकेत या रुळांत हात, विशेषतः मुलांचे हात, सापडण्याच्या जखमांवर डॉक्टर लेख लिहीत.

मग नागपूरहून आई आली. मी इंजिनिअरिंगला लागेपर्यंत तिने चार घरची धुणीभांडी केली. शनिवारी ती खुर्ची टाकून माझे धुणे बघत बसली. मी कौतुकाची वाट बघत होतो. ती म्हणाली, "कंटाळा आला की तुला हे बंद करून आत जाता येतं ना रे? मला नव्हतं जाता येत."

थोड्या वेळाने चादरींकडे बोट करून तिने विचारले, "आणि ही कुणाचे कपडे धुतात?"

मला उत्तर सुचले नाही.

चुल्लवग्गातली एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. उदेन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंदांनी शांतपणे हिशोब दिला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने करू, जुन्या आच्छादनांची गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके. तेही झिजले की कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजाचे समाधान झाले.

मला त्यातून एवढे कळले की पाचशे हा आकडा दोषाचा नव्हता. प्रत्येक वस्त्राला पुढे जायला वाट होती. माझ्या चार यंत्रांची वाट माझ्या गॅरेजमध्ये संपत होती.

तुम्ही म्हणाल, मग संग्राहक नकोतच का? तसे नाही. कुणीतरी जुने रूळ, पट्टे, गिअर सांभाळून ठेवतो म्हणूनच वापरणाऱ्याचे यंत्र चालू राहते. दुरुस्तीचे ज्ञानही त्याच्यामुळे टिकते. वस्तू जपणे वेगळे आणि 'माझी' म्हणून धरून ठेवणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून तर फसायला होते.

दुसरी गोष्ट कष्टांची. ज्या शेतकरी बाईने हे यंत्र विकत घेतले, तिला घासपाटीपासून सुटका हवी होती. तिला साधे जगणे नको होते, दिवसातले काही तास परत हवे होते. माझ्या आईलाही तेच हवे होते, पण ते तिला माझ्या पिढीत मिळाले. सोडून देता येणारे कष्ट म्हणजे छंद. त्या छंदाला मी साधना म्हणत होतो, तेव्हा न सुटणारे कष्ट केलेल्या माणसाचा नकळत अपमान करत होतो.

पुढे मी दोन चालती यंत्रे एका दुरुस्ती करणाऱ्याच्या ओळखीने आमिश कुटुंबांना दिली. तिसरे त्यालाच सुट्या भागांसाठी दिले. शनिवारचे ठेवले. धुणे मला आजही आवडते, पण आता त्याला मोठे नाव देत नाही.

पाचवे मात्र अजून चादरीखाली आहे. सगळ्यांत जुने, सगळ्यांत देखणे. दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तृष्णेवर मी आपल्या विहारात दोनदा बोललो आहे, हेही इथेच कबूल करतो.

आई फोनवर तब्येत विचारते आणि मग त्या यंत्राबद्दल विचारते. तुम्हीही या आठवड्यात घरातली एक वस्तू निवडा आणि तिचाच प्रश्न स्वतःला विचारा: ही कुणाच्या कामाला येते? उत्तर सुचायला फार वेळ लागला, तर तेच उत्तर समजा.

जय भीम.