ढग आणि झुडूप

बसा.

ओट्यावर बसा, खाटेवर बसा, वडाळे तलावाच्या काठी बसा. जिथे असाल तिथे.

हात मांडीवर ठेवा. बोटं सैल सोडा. अंगठेही.

पनवेलमधली श्रावणातली दुपार आहे. पूर्वेला प्रबळगड ढगात बुडाला आहे. सर येते, जाते, पुन्हा येते. पत्र्यावरचा तिचा आवाज विरेपर्यंत नुसतं ऐका.

आता आपला आवडता व्हिडिओ गेम आठवायचा आहे. घाई नाही. गुण किती झाले, कुठवर पोचलो, कोण हरलं, ते सगळं बाजूला राहू द्या. त्या खेळातलं एकच चित्र समोर येऊ द्या.

येईल ते येऊ द्या. निवडू नका.

माझ्यापुढे येतं ते असं.

निळं आभाळ. खाली तपकिरी विटांची जमीन. डावीकडे एक हिरवी टेकडी, आणि तिच्यापाशी एक बुटका माणूस. उजवीकडे तोंड करून उभा.

वर ढग. खाली झुडूप.

सुपर मारिओ ब्रदर्स. जपानमध्ये तो 1985 साली येतो. आपल्याकडे घराघरांत पोचतो तो नव्वदच्या दशकात, मीडिया, समुराई, लिटल मास्टर अशा नावांच्या डब्यांतून. लाईन आळीत असो की टपाल नाक्याजवळ, ज्या घरात डबा, त्या घराच्या दाराशी दुपारभर चपलांचा ढीग.

चपला तिथेच राहू द्या. आपण आत, पडद्यासमोर बसलो आहोत.

त्या माणसाला अजून चालवू नका.

उभा राहू द्या.

काय होतं?

काहीच होत नाही. समोरून कुणी येत नाही. शत्रू उजवीकडे आहेत, पडद्याच्या बाहेर, आणि तुम्ही पावलं टाकल्याशिवाय ते निघतच नाहीत. वरच्या कोपऱ्यात चारशेचा आकडा उतरत राहतो, तेवढंच. तो शून्यावर यायला अडीच-तीन मिनिटं लागतात.

लहानपणी इतका वेळ या चित्रासमोर कोण थांबलं असेल? हातात रिमोट आला की अंगठा लगेच उजवीकडे.

आज थांबू या.

श्वास आत. श्वास बाहेर.

ढगाकडे बघा. पांढरा आहे. वरून गोलसर, फुगीर. कडेला बारीक काळी रेघ.

तिथेच राहा.

आता नजर सावकाश खाली आणा. झुडुपाकडे बघा. हिरवं आहे. वरून गोलसर, फुगीर. कडेला बारीक काळी रेघ.

पुन्हा ढग.

पुन्हा झुडूप.

दिसलं?

आकार एकच आहे. झुडूप म्हणजे त्याच ढगाचा वरचा भाग, हिरव्या रंगात. रेघ तीच, वळण तेच. रंग तेवढा बदललेला, आणि जागा.

जागाच कमी आहे ना. अख्खा खेळ 40 किलोबाइटचा. आठ जगं, बत्तीस टप्पे, सगळे शत्रू, सगळं संगीत, सगळं त्यात. रोज सकाळी मोबाईलवर येणाऱ्या सुप्रभातच्या एका चित्रालाही त्याहून जास्त जागा लागते. म्हणून शिगेरु मियामोतो आणि त्यांची मंडळी एकच आकार दोनदा वापरतात. एकदा आभाळात, एकदा जमिनीवर.

आणि आपल्याला ते कळतही नाही. वर्षानुवर्षं खेळूनही कळत नाही. आपल्याला वर आभाळ दिसतं, खाली रान दिसतं.

हे रान कुणी लावलं?

थोडा वेळ या प्रश्नापाशी बसा. उत्तर शोधू नका.

मला वाटतं, मारिओ मनातून जात नाही तो याचसाठी. त्यात भरपूर काही होतं म्हणून तो राहिलेला नाही. त्यात थोडंच होतं, आणि उरलेलं आपण घातलं. झुडुपातला वारा आपला. ढगातला पाऊस पनवेलचा.

खिडकीतून बाहेर बघा. प्रबळगडावर ढग उतरला आहे. डोंगराच्या कडेवर रान कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतो, ते शोधून बघा.

नाही सापडत.

राहू द्या.

आता श्वासाकडे या.

कॅसेट हातात घ्या. पिवळी असेल, नाहीतर काळी. वरचा कागद एका कोपऱ्याने सुटलेला. डब्यात घातली, बटण दाबलं, आणि पडद्यावर नुसत्या रंगीत चौकटी थरथरतायत. चित्र लागत नाही.

काढा ती. तिचं उघडं तोंड ओठांजवळ आणा.

छाती भरून श्वास घ्या.

फुंकर मारा.

सावकाश. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

खरं सांगायचं तर फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवली की आतल्या धातूच्या पट्ट्या नीट जुळतात, आणि चित्र लागतं ते त्यामुळे. उलट श्वासातल्या ओलाव्याने त्या पट्ट्यांचं नुकसानच होतं.

पण बघा, खेळाआधी आपण काय करत आहोत. डोळे मिटतो. छाती भरतो. श्वास सोडतो. मग हलक्या हाताने कॅसेट बसवतो आणि गप्प होऊन पडद्याकडे बघत राहतो. प्राणायाम कुणी शिकवायच्या आधीच लाईन आळीतली पोरं हे करतात. टोकियोतली, मॉस्कोतली, साओ पावलोतलीही. कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक श्वास. तुमचा, आत्ताचा.

आता कान उघडा.

मारिओचं संगीत मनात वाजू द्या. कोजी कोंदो यांनी ते रचलं आहे. त्यांच्या हाताशी फार काही नाही. दोन आवाज सुरावट धरतात, एक खालचा सूर सांभाळतो, आणि नुसत्या खरखरीतून ताल निघतो. मारिओचं सगळं संगीत या चारांतच आहे.

त्या चौथ्याकडे लक्ष द्या. खरखर.

टीव्हीवर चॅनल लागत नसलं की येते तीच. पावसात पत्रा जिने भरून जातो, तीच.

ऐका. सुरावट सोडून द्या. फक्त खरखर ऐका.

तिच्याखाली घर ऐकू येईल. पंखा. शेगडीवर काहीतरी. आतल्या खोलीतून आईचा आवाज, की आता पुरे. तोही ऐका. तो त्या खेळाचाच भाग आहे.

आता अंगठा.

उजव्या हाताचा अंगठा जरासा उचला. त्याच्या पोटाकडे बघा, जिथे बटण टेकायचं.

दाबा.

मारिओ उडी मारतो. तुम्ही किती वेळ दाबून धरता, त्यावर उडी किती उंच ते ठरतं. निसटतं दाबलं तर छोटीशी, धरून ठेवलं तर वरपर्यंत. पुस्तिकेत हे कुणी वाचलेलं नाही. ते अंगठ्याला समजलं.

मला सगळ्या व्हिडिओ गेममध्ये ही उडी सर्वांत प्रिय आहे. यापेक्षा भव्य खेळ नंतर पुष्कळ आले. या उडीत मात्र मी असतो. ती बटणात नाही, पडद्यातही नाही. ती या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

पुन्हा दाबा. या वेळी मारिओला वरच राहू द्या.

पाय जमिनीवर नाहीत. खाली खड्डा आहे, पुढे विटा आहेत. अजून काही ठरलेलं नाही.

वरच राहा.

वरच राहा.

आता येऊ द्या खाली.

चालू लागा. टेकडी मागे जाते. झुडूप मागे जातं. पडद्याच्या डाव्या कडेला पोचतं आणि नाहीसं होतं.

आता मागे वळायचा प्रयत्न करा.

नाही जाता येत. या खेळात पडदा डावीकडे सरकत नाही. जे कडेपलीकडे गेलं, ते त्या डावात पुन्हा दिसत नाही. एखादं नाणं राहून गेलं तर राहूनच गेलं.

त्या कडेशी एकदा उभे राहा. पाठ टेकवून. तिचा गारवा जाणवू द्या.

आणि इथेच लाईट जाते.

पावसाळा आहे, पनवेल आहे, लाईट जातेच. पडदा आक्रसत एका ठिपक्याएवढा होतो आणि विझतो. खोलीत एकदम पावसाचा आवाज भरतो.

आठव्या जगात पोचला होतात. आता काही नाही.

डब्याला खेळ चालवायला मिळते ती स्मृती 2 किलोबाइटची, आणि तीही लाईट असेपर्यंतच. तो काही जपून ठेवत नाही. कुठल्या विटेत नाणी आहेत, कुठल्या पाइपमधून खाली उतरता येतं, कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, डब्याने सगळं सोडून दिलं.

ते आता कुठे आहे?

अंधारातच बसून राहा. मेणबत्ती शोधायला कुणी उठलं तर उठू द्या, तुम्ही उठू नका.

पहिल्या टप्प्यावरून मनानेच चाला. पहिली प्रश्नचिन्हाची वीट. तपकिरी शत्रू. एक पाइप, त्याहून उंच पाइप.

किती दूर जाता येतं ते बघा. रस्ता बराच लांबपर्यंत दिसतो. जे कुठेही साठवता आलं नाही, ते असं आत येऊन राहिलं आहे.

आज खेळ आपोआप सेव्ह होतात. ते सोयीचं आहे, आणि त्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. मी फक्त या अंधारातल्या रस्त्याकडे बघायला सांगतो आहे.

लाईट आली.

डोळे मिचकावा. मिचकावताना डक हंट आठवा, बदकांचा, ज्याच्यासोबत प्लास्टिकची बंदूक असते. नेम धरा. ट्रिगर दाबा. पडदा निमिषभर काळा होतो. मग जिथे बदक आहे तेवढ्याच जागी पांढरा चौकोन उमटतो.

बंदुकीतून काही सुटत नाही. ती बघते. तिच्या नळीत डोळा आहे, आणि अंधारात उजेड कुठे आहे एवढंच तो शोधतो. सापडला तर बदक पडतं.

नेम म्हणजे बघणं. क्षणभर त्या बंदुकीसारखं बघा. काही न सोडता.

आता शेजारी कुणाला तरी बसवा.

भाऊ असेल. बहीण असेल. समोरच्या घरातला मित्र असेल. दुसरा रिमोट त्यांच्या हातात द्या.

कोनामीचा कॉन्ट्रा लावू. दोघं धावतात, एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल. तिसऱ्या टप्प्यावर धबधबा लागतो. इथे पुढे जायचं नाही, वर चढायचं आहे. दगडावरून दगडावर.

निळा भराभर चढतो. पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो. लाल खाली राहतो. पडद्याची खालची कड त्याच्या पायांशी येते. आणखी एक उडी निळ्याने मारली की लाल मरेल. कुणी गोळी न झाडता. केवळ सोबती पुढे गेला म्हणून.

“दादा, थांब ना.”

ऐकलं?

थांबा.

दगडावर नुसते उभे राहा. गोळ्या येतायत, येऊ द्या, वाकून चुकवा. पाणी कोसळतं आहे. खालच्याला एक दगड चढू द्या. मग दुसरा.

त्याच्या श्वासाकडे लक्ष द्या. त्याचा खांदा तुमच्या खांद्याला लागतो आहे. उडी मारताना तो रिमोटसकट स्वतःच उचलला जातो आहे.

तो आला. आता दोघं एका रेषेत आहात.

आणि आता तुम्ही खाली आहात, तो वर. तो थांबला आहे का, बघा.

मारिओची उडी मला प्रिय आहे. पण आठवणीत सर्वांत खोल गेलेली जागा कुठली विचाराल, तर हा धबधबा. खेळाच्या नियमातच इथे दुसऱ्याकडे बघणं आलेलं आहे. पावसाळ्यात माथेरानच्या डोंगरांवरून पांढऱ्या धारा उतरू लागल्या की माझी नजर अजूनही दगड शोधते, आणि मग खाली कोण आहे ते बघते.

तुमचं चित्र वेगळं असेल.

सायबर कॅफेतला व्हाईस सिटी असेल, रोड रॅश असेल. पनवेलला हार्बरची लोकल 1998 साली आली, त्याच सुमारास नोकियाच्या फोनवर हिरव्या पडद्यातला साप आला. मानखुर्दपासून पनवेलपर्यंत तो साप वाढवत नेलेली माणसं या गावात आहेत. त्यांच्या बोटांना खाडीपूल आणि साप एकत्र आठवत असतील.

जे असेल ते समोर ठेवा. वर काय आहे, खाली काय आहे, बघा. ऐका. अंगठा कुठे टेकतो आहे ते जाणवू द्या.

शेजारी कोण बसलं आहे, तिकडे शेवटी वळा.

त्यांचा नंबर तुमच्याकडे असेल. आज संध्याकाळी फोन करा. काय आठवतं म्हणून विचारा. त्यांना बहुतेक भलताच टप्पा आठवत असेल, भलत्याच घरातला, आणि जिंकलेलंही दुसरंच कुणी असेल. दुरुस्त करू नका. पूर्ण सांगू द्या.