नट, पात्र आणि परतून येणारा चेहरा

जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट मे १९७७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्याला आता अर्धे शतक होत आले. त्या चित्रपटातून निघालेली अवकाशगाथा पुढे चित्रपट, मालिका, कादंबऱ्या यांतून वाढत गेली आणि तिच्याबरोबर तिच्या चाहत्यांमधला एक वादही वाढत गेला. ल्यूक स्कायवॉकर, राजकन्या लेया, हान सोलो ही पात्रे पुन्हा आणावीत काय, आणि आणायची तर ती कोणी साकारावीत, हा तो वाद. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात काय आहे, असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ आहे. पात्र म्हणजे काय, ते कोणाचे, आणि नटाने पात्राला जे दिले ते त्याच्या पश्चात त्याच्याकडून पुन्हा मागून घेता येते काय, हे प्रश्न या वादात एकमेकांत अडकले आहेत. आणि त्यांतला शेवटचा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतीचा आहे.

वादाचे ठोकळमानाने दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे असे की, हान सोलो म्हणजे हॅरिसन फोर्ड. त्या जागी दुसरा माणूस उभा केला तर तो सोलो नव्हे, सोलोचे सोंग. दुसरा पक्ष म्हणतो, नट म्हातारे होतात, मरतात; पात्र जगवायचे तर नव्या नटाच्या स्वाधीन केले पाहिजे. २०१८ साली ‘सोलो’ या चित्रपटात ऑल्डन एरनराइक यांनी तरुण सोलोची भूमिका केली आणि चित्रपटाला अपेक्षेप्रमाणे यश आले नाही. २०२२ मध्ये निर्मितीसंस्थेच्या प्रमुख कॅथलीन केनेडी यांनी एका मुलाखतीत याचा अर्थ असा लावला की, या भूमिका दुसऱ्या नटांना देता येणार नाहीत. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक चित्रीकरण चालू असताना बदलले होते आणि आधीच्या चित्रपटाला सहा महिनेही झाले नव्हते. दोष मात्र एका तरुण नटाच्या चेहऱ्याच्या नावे जमा झाला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत ल्यूक परतला तो वेगळ्याच वाटेने. मार्क हॅमिल तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यांचे काम, दुसऱ्या एका तरुण नटाचे शरीर आणि संगणकाने तरुण केलेला हॅमिल यांचा चेहरा, अशा तिहेरी साहित्यातून तो ल्यूक घडवला गेला. कित्येक चाहत्यांचे डोळे भरून आले. कित्येकांनी त्याच दिवशी विचारले की, दिसण्यात हॅमिल यांच्याशी साम्य असलेल्या सेबॅस्टियन स्टॅन यांना ही भूमिका सरळ का देऊ नये?

येथे आपल्या परंपरेतील एका जुन्या चर्चेचे स्मरण होते. भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने नटाच्या ठिकाणी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीला चित्रतुरगाची उपमा दिली. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान खरे नसते, खोटेही नसते, तो संशय नसतो आणि नुसती सादृश्याची जाणीवही नसते. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त हे मत देऊन त्यावर आपले गुरू भट्टतौत यांचा जो आक्षेप नोंदवला आहे, तो प्रस्तुत वादात अधिक उपयोगी आहे. अनुकरण म्हणायचे तर मूळ वस्तू कोणी तरी पाहिलेली हवी. रामाची रती तर कोणी पाहिलेली नाही. मग नट अनुकरण करतो ते कशाचे? रंगभूमीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे, आणि रंगभूमीचे स्वातंत्र्यही मला त्यातच दिसते. मूळ कोणी पाहिलेले नाही म्हणून मूळापुढे सगळे नट सारखे. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी प्रथम उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ते केले. प्रेक्षकांनी तुलना केल्या, हिरिरीने पक्ष घेतले. पण लागूंखेरीज कोणी अप्पासाहेब होणे हाच मुळी अपराध आहे, अशी भूमिका घेण्याला नाटकाच्या जगात अर्थच नव्हता.

चित्रपटाने ही स्थिती पालटली. हान सोलो कोणत्याही पुराणातून आलेला नाही. तो प्रथम दिसला तोच फोर्ड यांच्या चेहऱ्याने, फोर्ड यांच्या तिरकस हसण्याने, आणि ते हसणे फितीवर जसेच्या तसे राहिले. भट्टतौतांचा प्रश्न येथे उलटा होतो. मूळ सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामुळे नवा नट पात्राचे अनुकरण करीत नसून आधीच्या नटाचे करीत आहे, असा संशय त्याच्यामागे लागतो. एरनराइक यांना चाहत्यांनी ताडून पाहिले ते सोलोशी नव्हे, फोर्ड यांच्याशी. (आपल्याकडे रामालाही काही काळ हा अनुभव आला. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेनंतर अनेक घरांतल्या रामाला अरुण गोविल यांचा चेहरा चिकटला.) नियमाला अपवाद मात्र याच गाथेत आहे. ओबी-वान केनोबी हे पात्र १९७७ मध्ये अ‍ॅलेक गिनेस यांनी केले आणि १९९९ पासून यूअन मॅकग्रेगर यांनी. गिनेस यांच्या बोलण्याची ढब मॅकग्रेगर यांनी उचलली, पण त्या ढबीआड एका वेगळ्या, अधिक उतावळ्या माणसाला जागा करून दिली, आणि चाहत्यांनी दोघांनाही आपले म्हटले. तेव्हा ‘हे होऊच शकत नाही’ हा दावा टिकत नाही.

शिवाय एक पात्र म्हणजे एक नट, हे समीकरण या गाथेत पहिल्या दिवसापासूनच खोटे आहे. डार्थ व्हेडर हे तिचे सर्वांत गाजलेले पात्र. काळ्या कवचातले शरीर डेव्हिड प्राउझ यांचे. चित्रीकरणाच्या वेळी संवादही त्यांनीच म्हटले होते; पडद्यावर ऐकू आला तो आवाज मात्र जेम्स अर्ल जोन्स यांचा. आपले काम म्हणजे तांत्रिक करामतींपैकीच एक, असे मानून जोन्स यांनी आरंभीच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आपले नावही येऊ दिले नाही. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये मुखवटा उतरला तेव्हा आतला चेहरा निघाला सेबॅस्टियन शॉ या तिसऱ्याच नटाचा. एवढे सगळे असून व्हेडर प्रेक्षकाला अखंड वाटतो. ज्याला आपण पात्राची एकता म्हणतो ती नटाच्या देहात नसते. लेखन, आवाज, हालचाल, संगीत आणि प्रेक्षकाची स्मृती यांच्या जुळणीत ती असते. चेहरा हा त्यातला एक घटक, बहुधा सर्वांत प्रिय घटक, पण घटकच.

सेबॅस्टियन शॉ यांच्या बाबतीत पुढे जे घडले त्याकडे चाहत्यांनी रागाने आणि समीक्षकांनी दुर्लक्षाने पाहिले. १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी मुक्त झालेला अनाकिन छायारूपाने दिसतो, तो शॉ यांच्या रूपात. २००४ च्या आवृत्तीत तेथून शॉ यांना काढून त्या जागी हेडन क्रिस्टेन्सन यांना बसवण्यात आले, कारण मधल्या चित्रपटांत तरुण अनाकिन त्यांनी केला होता. शॉ १९९४ च्या डिसेंबरात निवर्तले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पीटर कुशिंग निवर्तले. १९७७ च्या चित्रपटात टार्किन हा करड्या शिस्तीचा अधिकारी त्यांनी केला होता. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये टार्किन पुन्हा आला, चेहरा कुशिंग यांचा, संगणकाने घडवलेला, आणि त्यामागे चालणारा, बोलणारा, भुवई उंचावणारा नट गाय हेन्री. म्हणजे एकाच वर्षी गेलेल्या दोन नटांपैकी एकाला त्याने केलेल्या कामातून पुसले गेले आणि दुसऱ्याला त्याने न केलेल्या कामात आणले गेले. कुशिंग यांच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्यांची संमती घेतलेली होती, हे खरे. व्यवहार म्हणून तो निर्दोष होता.

पण भूमिका ही वस्तू नव्हे, कृती आहे. नट संवाद उच्चारतो तेव्हा तो काहीतरी करतो. ते बरे झाले तर त्याचे श्रेय आणि वाईट झाले तर त्याचा दोष त्याचा. ‘रोग वन’मधला टार्किन चांगला झाला असेल तर प्रशंसा कोणाची करायची? कुशिंग यांनी ते वाक्य म्हटलेले नाही. हेन्री यांनी म्हटले, पण त्यांचा चेहरा मिटवलेला आहे. मृताच्या नावावर त्याची नसलेली कृती चढते आणि जिवंताची कृती निनावी होते. मला या प्रकरणात खटकते ते तंत्राचे अपुरेपण नव्हे. तो चेहरा मेणासारखा दिसतो, ही तक्रार पुढच्या दशकात दूर होईल; श्रेयाची ही गुंतागुंत तंत्र सुधारल्याने सुटणार नाही, उलट अधिक बेमालूम होईल.

जोन्स यांचे उदाहरण याहून अवघड आहे, कारण तेथे नट स्वतः हो म्हणाला होता. वार्धक्यात त्यांनी आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून व्हेडरचा आवाज घडवण्याची परवानगी दिली. २०२२ च्या ‘ओबी-वान केनोबी’ या मालिकेत कीव्ह येथील एका कंपनीने तो घडवला. सप्टेंबर २०२४ मध्ये, त्र्याण्णव वर्षांचे असताना, जोन्स गेले. संमती स्पष्ट होती, भूमिका ठरलेली होती, आणि मुळातच तो आवाज दुसऱ्याच्या शरीराला जोडलेला होता. एवढ्या मर्यादेत मी त्याला आक्षेप घेणार नाही. प्रश्न उरतो तो नकाराचा. जिवंत नट तालमीत थांबून म्हणू शकतो की, हे वाक्य या माणसाच्या तोंडी शोभत नाही. लेया साकारणाऱ्या कॅरी फिशर तर स्वतः लेखिका. इतरांच्या पटकथा दुरुस्त करून देणे हा त्यांच्या उपजीविकेचा एक भाग होता. अशा नटीचा चेहरा घ्यायचा आणि वाक्य खोडण्याचा तिचा हात सोडून द्यायचा, म्हणजे तिच्यातला महत्त्वाचा भाग बाहेर ठेवणे होय. २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप केला, त्यात प्रतिकृतीसाठी संमतीची अट हा एक मोठा मुद्दा होता. कायदा संमतीपर्यंत पोचला आहे. आधीच देऊन ठेवलेल्या संमतीत पुढच्या प्रत्येक वाक्याला दिलेला होकार कसा सामावतो, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

याच्या उलट दुसऱ्या एका अवकाशगाथेत घडले. ‘स्टार ट्रेक’ मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि तीत लेनर्ड निमॉय यांनी स्पॉक केला. पात्र आणि आपण यांच्यातल्या ओढाताणीवर त्यांनी दोन आत्मचरित्रे लिहिली. १९७५ च्या पुस्तकाच्या शीर्षकात आपण स्पॉक नाही असे म्हटले आणि १९९५ च्या पुस्तकाच्या शीर्षकात आहोत असे म्हटले. २००९ च्या चित्रपटात तरुण स्पॉक झॅकरी क्विंटो यांनी केला, आणि कथेतल्या कालप्रवासाच्या आधारे वृद्ध निमॉय त्याच चित्रपटात त्यांच्यासमोर उभे राहिले. चाहत्यांची कुरकुर पुष्कळशी तेथेच थांबली. ज्याच्याकडून भूमिका घ्यायची त्यानेच ती समोर उभे राहून दिली होती. निमॉय २०१५ मध्ये गेले. आता स्पॉक ईथन पेक करतात, आणि चर्चा त्यांच्या अभिनयाची होते, जी व्हायला हवी.

चाहत्यांच्या आग्रहाला मी वेडगळ समजत नाही. दहाव्या वर्षी पाहिलेला चेहरा साठाव्या वर्षी जसाच्या तसा हवासा वाटणे, यात स्वतःच्या वयाविषयीचे दुःख आहे आणि ते प्रामाणिक आहे. मात्र पात्रावरची माया हा मालकीहक्क समजला गेला की तिचे स्वरूप पालटते. २०१७ च्या चित्रपटात रोझ टिको हे नवे पात्र करणाऱ्या, व्हिएतनामी कुटुंबात जन्मलेल्या केली मारी ट्रान यांना वंशावरून आणि रूपावरून इतके हिणवले गेले की, २०१८ मध्ये त्यांनी समाजमाध्यमावरील आपले सारे लिखाण काढून टाकले. ‘गाथेशी निष्ठा’ हे त्या हिणवण्याला दिलेले नाव होते. कोणाचा चेहरा या आकाशात बसतो, हा प्रश्न तेथे कलेचा राहिलाच नव्हता.

फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी गेल्या. लेयाला संगणकाने घडवणार नाही, असे निर्मितीसंस्थेने पुढच्याच महिन्यात जाहीर केले. २०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये त्यांच्या आधीच्या चित्रणातले न वापरलेले तुकडे घेऊन लेया पुरी केली गेली. इतर नटांचे संवाद तिच्या ठरलेल्या उत्तरांभोवती रचावे लागले आणि ते प्रसंग अवघडलेले आहेत, तरी उत्तरे फिशर यांनी दिलेली आहेत. त्याच चित्रपटात एक छोटासा पूर्वकालीन प्रसंग आहे. तरुण लेया ल्यूककडून शस्त्रविद्या शिकते आहे. चेहरा १९८३ च्या चित्रपटातून घेतलेला. शरीर फिशर यांच्या कन्या बिली लूर्ड यांचे. वर मांडलेला युक्तिवाद या प्रसंगाला लावला तर तोही सदोष ठरतो: आईने न केलेली कृती आईच्या नावावर, आणि मुलीचा चेहरा मिटवलेला. युक्तिवाद मी मागे घेत नाही. परंतु टार्किनच्या बाबतीत जो शब्द सहज वापरता येतो तो येथे वापरायला मन धजत नाही, कारण येथे उभी राहिलेली व्यक्ती कोणाच्या जागी उभी आहे हे जाणून, आपल्या इच्छेने उभी राहिली होती. पडद्यावर तो प्रसंग काही क्षणांचाच आहे. ते शरीर कोणाचे, हे पाहणाऱ्यांना चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर कळले.